आधी खुर्च्या, मग माणसं

काउंटीच्या ऑफिसात नोकरीला लागून तुम्हाला जेमतेम वर्ष झालंय, आणि आज सकाळी साहेब एक जाडजूड फाईल टेबलावर ठेवून म्हणाले, "वर्कफोर्स बोर्डाचे मेंबर नेमायचेत, जरा बघता का?" जरा! असू दे. हे बोर्ड म्हणजे भागातल्या नोकऱ्या आणि प्रशिक्षणाचं काम बघणारं स्थानिक मंडळ. चहाचा कप फायलीपासून लांब ठेवा, खुर्ची सरकवा, मी शेजारी बसते. अमेरिकेतल्या बहुतेक काउंट्यांत हे काम थोड्याफार फरकाने असंच होतं, आणि क्रम धरून केलं तर अजिबात अवघड नाही.

फाईल उघडल्याबरोबर बहुतेकांची एक चूक होते. नावं आठवायला लागतात. आपल्या मराठी मंडळाची कार्यकारिणी ठरवताना चालतं तसं: अमुक उत्साही आहेत, तमुक गेल्या वर्षी रुसले होते, त्यांना घेऊन टाका. इथे तसं केलंत की तीन आठवड्यांनी सगळं पुसून पुन्हा मांडावं लागतं. म्हणून आपला नियम ठरला. मी सांगेपर्यंत एकही नाव उच्चारायचं नाही.

साहित्य गोळा करा. २०१४ च्या वर्कफोर्स इनोव्हेशन अँड अपॉर्च्युनिटी अ‍ॅक्टचं कलम १०७ (ऑफिसात सगळे या कायद्याला 'विओआ' म्हणतात), त्याखालच्या संघीय नियमांतला भाग ६७९, तुमच्या राज्याचं स्थानिक बोर्डांबद्दलचं धोरणपत्र, बोर्डाचे बायलॉज, सध्याच्या सदस्यांची मुदतींसकट यादी, एक मोठा कोरा कागद, कॅल्क्युलेटर आणि पेन्सिल. पेन नको.

१. नेमणूकपत्रावर सही कोणाची लागणार, ते शोधा.
कायद्यात त्याला 'चीफ इलेक्टेड ऑफिशियल' म्हणतात, म्हणजे लोकांनी निवडून दिलेला स्थानिक प्रमुख. कुठे तो काउंटी एक्झिक्युटिव्ह असतो, कुठे शहराचा मेयर, टेक्ससात काउंटी जज. नाव जज असलं तरी काउंटीचा कारभार त्यांच्याकडेच असतो. सांभाळा: या खात्यातली माणसं त्या पदाला बोलताना 'सीईओ' म्हणतात. बोर्डावर येणारे कंपन्यांचे मालकही सीईओच. मी पहिल्या महिन्यात एका कंपनीच्या सीईओला सहीसाठी पत्र पाठवलं होतं. तुम्ही कागदावर पूर्ण पदनाम लिहा.

२. तुमच्या क्षेत्रात काउंटी एकच आहे की अनेक, ते बघा.
एकच असेल तर पुढच्या पायरीवर चला. दोन-तीन काउंट्या मिळून एक क्षेत्र असेल, तर त्यांच्या प्रमुखांनी आपापसात केलेला लेखी करार असतो आणि कोण किती सदस्य नेमणार हे त्यात लिहिलेलं असतं. त्या पानाची झेरॉक्स फायलीत वर लावा. सांभाळा: प्रमुखांचं आपसात जमलं नाही, तर नेमणुका करण्याचा अधिकार गव्हर्नरकडे जाऊ शकतो. करार सापडत नसेल तर आजच साहेबांच्या कानावर घाला. आणि हो, कान पकडायची वेळ येण्याआधी घाला.

३. राज्याचं धोरणपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा.
केंद्राचा कायदा किमान अटी सांगतो. निकष राज्याचा गव्हर्नर राज्याच्या वर्कफोर्स बोर्डाबरोबर बसून ठरवतो, आणि राज्य त्यात भर घालू शकतं. जिथे 'किमान', 'बंधनकारक' किंवा एखादी तारीख दिसेल तिथे पेन्सिलने खूण करा. सांभाळा: शेजारच्या राज्यातल्या मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तक्ता कितीही देखणा असला तरी वापरू नका. तो तिच्या राज्याचा आहे.

४. बायलॉज उघडून चार गोष्टी शोधा.
नामनिर्देशन कसं मागवायचं. मुदती किती वर्षांच्या आणि त्या टप्प्याटप्प्याने कशा संपतात. जागा रिकामी झाली की प्रमुखांना कोण कळवतं. आणि सदस्य येऊ शकला नाही तर बदली माणूस चालतो का. बायलॉजमध्ये आणखीही कलमं असतात, पण आज तुम्हाला ही चार पुरेत. सांभाळा: यातलं एखादं नसेल तर पुढे जाऊ नका. बायलॉज ठरवण्याचं काम प्रमुखांचंच आहे, तेव्हा दुरुस्ती आधी करून घ्या. नेमणुका झाल्यावर नियम बदलायला निघालात तर ज्यांची मुदत कापली जाते ते लोक फोन करतात, आणि फोन तुम्हालाच येतात.

५. कोऱ्या कागदावर चार रकाने आखा.
व्यवसाय. कामगार. शिक्षण. सरकार आणि आर्थिक विकास. पहिला रकाना सगळ्यांत रुंद ठेवा. का ते आता कळेलच.

६. शिक्षणाच्या रकान्यात दोन चौकोन काढा.
एक प्रौढ शिक्षण आणि साक्षरता चालवणाऱ्यांचा, म्हणजे विओआच्या टायटल टूखाली वर्ग घेणाऱ्या संस्थेचा. दुसरा रोजगाराशी संबंधित प्रशिक्षण देणाऱ्या उच्चशिक्षण संस्थेचा. बहुतेक ठिकाणी ही जागा कम्युनिटी कॉलेजकडे जाते. सांभाळा: साधं हायस्कूल यातल्या कुठल्याच चौकोनात बसत नाही. प्रिन्सिपॉल कितीही ओळखीचे असोत.

७. चौथ्या रकान्यात तीन चौकोन काढा.
आर्थिक आणि सामुदायिक विकासाचं काम करणारी संस्था. वॅग्नर-पायझर कायद्याखाली चालणारी राज्याची रोजगार सेवा. आणि १९७३ च्या रिहॅबिलिटेशन अ‍ॅक्टच्या टायटल वनखाली अपंगांना रोजगाराला लावणारं व्होकेशनल रिहॅबिलिटेशन खातं. झाले पाच चौकोन. सांभाळा: शेवटच्या दोन नावांचा लोक घोळ घालतात, कारण दोन्हीकडची माणसं बऱ्याचदा एकाच इमारतीत बसतात. इमारत एक असली तरी चौकोन दोन.

८. कामगारांच्या रकान्यात आधी तीन चौकोन काढा.
दोन कामगार संघटनांच्या प्रतिनिधींचे. तिसरा मालक-कामगार मिळून किंवा युनियनशी जोडून चालणाऱ्या रजिस्टर्ड अप्रेंटिसशिपचा, म्हणजे शिकता शिकता पगार मिळवून देणाऱ्या नोंदणीकृत उमेदवारीचा. हा तिसरा माणूस त्या कार्यक्रमाचा ट्रेनिंग डायरेक्टर तरी हवा नाहीतर युनियनचा सभासद तरी. तुमच्या भागात असा संयुक्त कार्यक्रमच नसेल तर दुसऱ्या नोंदणीकृत अप्रेंटिसशिपचा प्रतिनिधी चालतो. सांभाळा: कंपनीच्या एचआर मॅनेजरना या रकान्यात बसवू नका. ते कामगारांबद्दल कितीही कळवळ्याने बोलत असले तरी ते मालकाच्या बाजूचे. ही चूक मी डोळ्यांनी पाहिलीय, एकदा नाही, तीनदा.

९. आता बेरीज करा.
इथे जरा सावकाश. दोन अटी एकदम पाळायच्या आहेत. व्यवसायाचे सदस्य एकूण संख्येच्या निम्म्याहून जास्त हवेत. बरोबर निम्मे नाहीत, जास्त. आणि कामगारांच्या रकान्यातले किमान २० टक्के हवेत.

तुमच्या कागदावर व्यवसाय सोडून आठ चौकोन आहेत: पाच आणि तीन. मग व्यवसायाचे नऊ घेतले की बहुमत झालं, एकूण १७. पण १७ मध्ये कामगारांचे तीन म्हणजे सुमारे साडेसतरा टक्के. नापास. म्हणून कामगारांच्या रकान्यात चौथा चौकोन काढा. ही जागा ज्यांना काम मिळायला अडचणी येतात अशांसाठी, माजी सैनिकांसाठी किंवा तरुणांसाठी काम करण्याचा दाखवण्याजोगा अनुभव असलेल्या सामाजिक संस्थेला देता येते, किंवा आणखी एका युनियनला. आता व्यवसाय सोडून नऊ. व्यवसायाचे दहा घ्या. एकूण १९. दहा म्हणजे बहुमत, चार म्हणजे २१ टक्के. पास! एका माणसाकडे एकच जागा ठेवायची असेल तर यापेक्षा लहान बोर्ड बनत नाही.

सांभाळा: टक्केवारी खालच्या बाजूला गोल करू नका. २१ जणांच्या बोर्डात चार कामगार प्रतिनिधी म्हणजे १९.०५ टक्के. "वीसच धरा ना," असं कोणीतरी नक्की म्हणेल. राज्याच्या टेबलावरचा माणूस धरत नाही. तिथे पाचच लागतात.

१०. या आकड्याची राजीनामा-चाचणी घ्या.
पेन्सिलने एक व्यावसायिक खोडून बघा. १९ मधून एक गेला की १८, त्यात नऊ व्यवसायाचे, म्हणजे बरोबर निम्मे. बहुमत गेलं. तो पुन्हा लिहा आणि आता एक कामगार प्रतिनिधी खोडा. १८ मध्ये तीन, जेमतेम १७ टक्के. तेही गेलं. म्हणजे १९ चं बोर्ड कागदावर पास, पण एक माणूस नोकरी बदलून दुसऱ्या गावी गेला की नापास. आणि माणसं जातात. वर्षातून एखादा तरी जातोच.

२० करून बघा: व्यवसाय ११, कामगार चार, बाकी पाच. व्यावसायिक गेला तर चालतं, कामगार गेला तर नाही. २१ करा: ११, पाच, पाच. आता कामगार गेला तर चार भागिले २०, अगदी काठावर वीस टक्के, चालतं. पण व्यावसायिक गेला की दहा-दहा, गाडी पुन्हा रुतली. दोन्हीकडे सुरक्षित असा सगळ्यांत लहान आकडा २४ येतो: व्यवसाय १३, कामगार सहा, बाकी पाच. विश्वास नसेल तर खोडून बघा, मी थांबते.

माझं मत विचाराल तर चोवीसच घ्या. मोठ्या बोर्डाची बैठक जमवायला त्रास होतो हे खरं, पण दर राजीनाम्यानंतर धावपळ करण्यापेक्षा तो त्रास परवडतो.

११. सध्याच्या सदस्यांना चौकोनांत बसवा.
आता जुन्या यादीतली नावं काढायला हरकत नाही. नवी अजून नाहीत. प्रत्येक नावासमोर मुदत कधी संपते ते लिहा. सांभाळा: माणूस त्या पदावर अजून आहे का, ते फोन करून विचारा. बँकेच्या शाखेची मॅनेजर म्हणून नेमलेली बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेलेली असते आणि आपल्या यादीत ती अजून 'व्यवसाय' म्हणून मोजली जात असते.

१२. रिकाम्या चौकोनांचा कागद घेऊन साहेबांकडे जा आणि एकूण आकड्यावर होकार घ्या.
फक्त आकड्यावर. ते लगेच म्हणतील, "अरे, मग आपल्या त्या अमक्याला घेऊ या." हसून मान हलवा आणि कागद परत आणा. त्यांना ते नाव सुचवता येईल, पण पुढच्या पायरीतल्या दारातूनच ते आत येणार.

१३. व्यवसायाच्या जागांसाठी चेंबर ऑफ कॉमर्स आणि उद्योगांच्या संघटनांना पत्र पाठवा.
व्यावसायिक सदस्याचं नाव स्थानिक व्यापारी संघटनेकडून किंवा त्या धंद्याच्या संघटनेकडून सुचवलं जायला हवं, हा कायद्याचा नियम. पत्रात तीन गोष्टी लिहा: किती जागा आहेत, कोण चालतं आणि उत्तर कधीपर्यंत हवं. कोण चालतं ते असं: मालक, मुख्य अधिकारी, किंवा धोरण ठरवण्याचा नाहीतर माणसं घेण्याचा पुरता अधिकार असलेली व्यक्ती, आणि तिचा धंदा तुमच्या भागात ज्या कामांना मागणी आहे त्या कामांत नोकऱ्या देणारा हवा. व्यावसायिकांच्या संघटनेचा प्रतिनिधीही या रकान्यात बसतो.

आता ते गणपतीच्या आरतीला भेटलेले गृहस्थ, औषधांच्या पॅकिंगचा छोटा कारखाना चालवणारे, ज्यांनी तुम्हाला मोदक खाता खाता सांगितलं होतं की त्यांना मशिन चालवणारी माणसं मिळत नाहीत. अगदी योग्य माणूस! पण तुम्ही त्यांना परस्पर बोर्डावर घेऊ शकत नाही. त्यांना सांगा, "चेंबरचे सभासद आहात ना? मग चेंबरला सांगून तुमचं नाव पाठवायला लावा." एवढंच.

सांभाळा: संघटनेच्या पत्राची तारीख नेमणूकपत्राच्या आधीची हवी. माझ्या एका फायलीत चेंबरचं पत्र नेमणुकीनंतर चार दिवसांनी आलं होतं. "चार दिवसांनी काय होतंय," म्हणून मी ते तसंच लावून दिलं. अख्खी फाईल परत आली, आणि त्या चार दिवसांपायी दोन महिने गेले.

१४. कामगारांच्या जागांसाठी स्थानिक कामगार महासंघाला पत्र पाठवा.
सेंट्रल लेबर कौन्सिल असेल तर सोपं. एका पत्रात काम होतं. एका युनियनला थेट लिहू नका. युनियनच्या प्रतिनिधींची नावं महासंघाकडून यायची असतात. तुमच्या भागात युनियनमधले कामगार अजिबातच नसतील, तर कामगारांच्या दुसऱ्या प्रतिनिधींकडून नावं घेता येतात. पण ती खात्री तुमच्या अंदाजाने नको, राज्याला लेखी विचारून करा.

१५. शिक्षणाच्या जागांसाठी पात्र असलेल्या प्रत्येक संस्थेला पत्र पाठवा.
प्रौढ शिक्षण देणारी संस्था एकच असेल तर प्रश्न नाही. एकापेक्षा जास्त असतील तर नावं त्या सगळ्यांकडून मागवायची, हे नियमातच आहे. सांभाळा: "नेहमीच्या कॉलेजला" पत्र पाठवून मोकळे होऊ नका. ज्याला पत्र गेलं नाही ते कॉलेज बरोबर सहा महिन्यांनी त्याबद्दल विचारतं.

१६. सरकारी चौकोनांसाठी त्या-त्या खात्याच्या प्रमुखांना पत्र पाठवा.
सोपी पायरी. खातं नाव कळवतं, तुम्ही लावता.

१७. उत्तरं आली की प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहा: "हा माणूस बैठकीत बसल्या बसल्या 'हो' म्हणू शकतो का?"
नियमांत याला धोरण ठरवण्याचा पुरता अधिकार म्हणतात. संस्थेच्या वतीने ठामपणे बोलता यावं आणि संस्थेला एखाद्या गोष्टीला बांधून घेता यावं. जो दर वेळी "साहेबांना विचारून सांगतो" म्हणेल तो तुमच्या कामाचा नाही. सांभाळा: हुद्द्याच्या नावावर जाऊ नका. 'सीनिअर कोऑर्डिनेटर, स्ट्रॅटेजिक पार्टनरशिप्स' असं लांबलचक कार्ड असलेल्या माणसाला कधी कधी कॉपियरचा कागद मागवायचाही अधिकार नसतो, आणि साध्या 'प्लांट मॅनेजर'ला तीस माणसं घेण्याचा असतो.

१८. व्यवसायाच्या नावांतले किमान दोन छोटे उद्योग मोजा.
छोटा म्हणजे किती छोटा, हे स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या तक्त्यावरून ठरतं. हा तक्ता धंद्यानुसार बदलतो. काही धंद्यांना माणसांची संख्या लावतात, काहींना वर्षाची उलाढाल. सांभाळा: डोळ्यांनी अंदाज करू नका. कारखानदारीत पाचशे माणसांचा कारखानाही छोटा ठरू शकतो, आणि पंधरा माणसांची पण भरपूर उलाढालीची कंपनी मोठी. धंद्याचा उद्योग-क्रमांक विचारून घ्या आणि तक्त्यात बघा.

१९. दोन टोप्या घातलेली माणसं शोधा.
एकच व्यक्ती दोन जागांचं प्रतिनिधित्व करू शकते, फक्त दोन्ही जागांच्या सगळ्या अटी तिने पाळल्या पाहिजेत. लहान काउंट्यांत याने सोय होते. पण ही सोय मिठासारखी वापरा. तो माणूस एकूण संख्येत एकदाच मोजला जातो, आणि गेला तर दोन चौकोन एकदम रिकामे होतात. दहाव्या पायरीवरची खोडाखोड आठवा.

२०. निवडलेल्या प्रत्येकाला फोन करा आणि हितसंबंधांबद्दल स्पष्ट विचारा.
फोनच करा. ईमेलवर लोक गोल गोल लिहितात. विचारा: तुमची संस्था बोर्डाकडून कुठल्या सेवेचं कंत्राट घेते का, किंवा घेणार आहे का? तुमच्या घरातल्या कोणाला बोर्डाच्या निर्णयाने थेट पैशाचा फायदा होईल का? उत्तर 'हो' आलं तरी माणूस बाद होत नाही. कॉलेजचं उत्तर बहुधा 'हो'च असेल. फक्त त्या विषयावर त्याला मत देता येणार नाही, हे आत्ताच सांगा आणि लिहून घ्या. सांभाळा: "ते नंतर बघू" म्हणालात तर पहिल्याच कंत्राटाच्या बैठकीत मतदान थांबतं, आणि सगळ्यांचे डोळे तुमच्याकडे वळतात.

त्याच फोनवर बैठका वर्षातून किती, किती तासांच्या आणि ऑनलाइन चालतं का, तेही सांगा. कामाचा खरा बोजा आधी कळला की अर्ध्या वर्षात गळणारी माणसं इथेच गळतात. बरं झालं म्हणा, आणि त्या संघटनेकडून दुसरं नाव मागवा.

२१. मुदती विभागून लावा.
सगळ्यांना एकाच तारखेची मुदत देऊ नका. दर वर्षी काहींचीच मुदत संपेल अशी नेमणुकांची रचना करायची, आणि ती कशी करायची हे तुमच्या बायलॉजमध्ये हवं. तीन वर्षांच्या मुदती असतील आणि बोर्ड अगदी नवं असेल, तर पहिल्या वेळी आठ जणांना एक वर्ष, आठ जणांना दोन, आठ जणांना तीन द्या. चोवीसचा आणखी एक फायदा! कोणाला किती, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, रुसवाफुगवी टळते. सांभाळा: शिक्षण आणि सरकार-विकासाच्या पाचही जागांची मुदत एकाच वर्षी संपणार नाही ना, तेवढं बघा.

२२. कागदावरचा तक्ता पहिल्यापासून पुन्हा मोजा.
बहुमत? वीस टक्के? युनियनचे दोन? अप्रेंटिसशिपचा एक? छोटे उद्योग दोन? शिक्षणाचे दोन, सरकार-विकासाचे तीन? शेजारच्या टेबलावरच्या कोणाकडून तरी तपासून घ्या. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

२३. नेमणूकपत्रं तयार करून सहीला द्या.
प्रत्येक पत्रात नाव, कोणत्या रकान्यातून, कोणत्या संस्थेच्या वतीने, मुदत कधीपासून कधीपर्यंत आणि मताचा अधिकार. कायद्याने सक्तीच्या असलेल्या जागांवरच्या सगळ्यांना मत असलंच पाहिजे. त्यापलीकडचे जास्तीचे सदस्य घेतले असतील तर त्यांना मत द्यायचं की नाही ते प्रमुख ठरवतात. काही काउंट्यांत सहीच्या आधी कमिशनर मंडळाचा ठरावही लागतो. तुमच्याकडे लागतो का, ते काउंटीच्या वकिलांना विचारा. सांभाळा: 'कोणत्या संस्थेच्या वतीने' हा रकाना रिकामा सोडू नका. माणसाने नोकरी बदलली की जागा रिकामी झाली का, हा प्रश्न त्या एका ओळीवर सुटतो.

२४. सदस्यांची यादी लोकांना दिसेल अशी ऑनलाइन लावा.
बोर्डाचं काम उघड्यावर चालायचं असतं. सदस्य कोण, कोणत्या संस्थेचे, हे कोणालाही पाहता आलं पाहिजे. सांभाळा: घरचे पत्ते आणि मोबाइल नंबर चुकून लागत नाहीत ना, बघा. मूळ तक्ता जसाच्या तसा चढवायचा मोह इथेच नडतो.

२५. पूर्ण फाईल राज्याकडे प्रमाणनासाठी पाठवा.
गव्हर्नर स्थानिक बोर्डाला दर दोन वर्षांनी प्रमाणित करतात. फायलीत वरून खाली: तक्ता, नामनिर्देशनाची पत्रं, नेमणूकपत्रं, बायलॉज. प्रत्येक नामनिर्देशनाची तारीख त्याच्या नेमणूकपत्राच्या आधीची आहे ना, एकदा बोट फिरवून बघा. आणि पाठवण्याआधी एक पूर्ण प्रत तुमच्या कपाटात.

२६. पहिल्या बैठकीची नोटीस काढा आणि विषयपत्रिकेत अध्यक्षाची निवडणूक वर ठेवा.
अध्यक्ष प्रमुखांनी नेमायचा नसतो. बोर्डाचे सदस्यच तो निवडतात, आणि व्यवसायाच्या रकान्यातूनच. साहेबांनी एखादं नाव मनाशी धरलं असेल तर त्यांना आधीच, हळूच, दार लावून सांगा. बैठकीत सर्वांसमोर सांगायची पाळी येऊ देऊ नका.

२७. कॅलेंडर उघडा आणि तारखा भरा.
प्रत्येक सदस्याची मुदत संपण्याआधी तीन महिने एक आठवण, पुढच्या प्रमाणनाआधी सहा महिने एक आठवण. मग चौकोनांचा तो पेन्सिलने बरबटलेला कागद फायलीत सगळ्यांत वर ठेवा आणि फायलीच्या पाठीवर पुढच्या प्रमाणनाची तारीख ठळक लिहा. आता पेन घ्या. चहा गार झालाय तुमचा, नवा आणा.